चारचौघांत शोभेल अशी गाडी: पन्नास हजारांत घरच्या कारमध्ये काय बदलावं आणि काय नाही

पुण्याच्या नाना पेठेत सीट कव्हर घ्यायला गेलेला माणूस क्रोमची हँडल कव्हरं, निळे पार्किंग लाइट आणि डॅशबोर्डवर मान डोलावणारा कुत्रा घेऊन घरी येतो. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही, तो विकायलाच बसलाय. यादी न करता गेलं की असंच होतं. हा लेख त्या यादीबद्दल आहे.

गाडी कुठली, तर आपल्या पार्किंगमध्ये उभी असते तीच: स्विफ्ट, वॅगनआर, बलेनो, टियागो, आय-ट्वेंटी किंवा माणसं जास्त असतील तर अर्टिगा. रोज कोथरूडहून हिंजवडी नाहीतर सिंहगड रोडवरून कॅम्प, सुट्टीला गावी, दिवाळीत ताम्हिणीतून कोकण. मागे आजी बसणार, मुलाचं दप्तर असणार, डिकीत आंब्याची पेटी असणार. या गाडीची रेसिंग कार करायची नाही. बजेट पन्नास हजार, तेही एका दमात नाही, वर्षभरात मिळून.

माझी कसोटी एकच आहे. काम झाल्यावर गाडी पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे, की ही कंपनीतूनच अशी आली असावी. काय बदललंय ते पटकन कळू नये, पण बसल्यावर फरक जाणवावा. ही कसोटी लावली की बाजारातला बराचसा माल आपोआप गळतो आणि पैसेही वाचतात.

आधी वही-पेन

घरातल्या प्रत्येकाला विचारा, गाडीत काय खटकतं. उत्तरं मजेशीर येतात. बायको म्हणते रात्री रस्ता दिसत नाही. आजी म्हणतात सीट पाठीला टोचतं. मुलगी म्हणते गाण्यातले शब्दच कळत नाहीत, नुसता आवाज. तुमच्या मनात मात्र मॅगव्हील, म्हणजे अलॉयचं चाक असतं. या चारही गोष्टी लिहा आणि समोर अंदाजे किंमत टाका. खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी जे झिजलंय ते, मग रस्त्याला चिकटणारं आणि रस्ता दाखवणारं, मग आतलं, आणि सगळ्यात शेवटी बाहेरून दिसणारं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. म्हणूनच रस्त्यावर चकचकीत मॅगव्हीलवर गुळगुळीत टायर घालून फिरणाऱ्या गाड्या दिसतात.

पहिले दहा हजार: आहे ती गाडी नीट करा

पन्नास-साठ हजार किलोमीटर झालेल्या गाडीत सगळ्यात मोठा फरक नव्या ॲक्सेसरीने पडत नाही, जुने रबरी भाग बदलल्याने पडतो. खड्ड्यात चाक गेलं की पुढून टक-टक येतं ना, ते बहुतेक वेळा सस्पेन्शनमधला लिंक रॉड नाहीतर लोअर आर्मचे बुश, म्हणजे रबरी आस्तर असतात. लिंक रॉड स्वस्त असतो, तासाभराचं काम. शॉकअप गळत असतील तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एक नवा आणि एक जुना ठेवून गाडी सरळ बसत नाही. सिग्नलला उभं असताना स्टीअरिंग थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग दाखवा. एवढं करून अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग केलं की घरचे विचारतात, गाडीला काय केलंस?

ब्रेक ऑइल हा तर पुण्यात दुर्लक्षित विषय. ते हवेतलं पाणी शोषत राहतं. पाणी मुरलं की उकळण्याचं तापमान खाली येतं: डॉट ३ प्रकाराला नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी मुरल्यावर १४० अंश, डॉट ४ ला तेच २३० आणि १५५. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असला की आतलं ऑइल उकळतं, बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल काढून नवं भरून घ्या, वरून थोडं टाकून भागवू नका. कोणतं घालायचं ते बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. खर्च हजाराच्या आसपास. गाडीतला हा सगळ्यात स्वस्त बदल, आणि फोटोत मात्र कधीच येत नाही.

वरच्या मॉडेलचा माल

आता मुख्य युक्ती. कंपनी एकाच गाडीची तीन-चार मॉडेलं विकते. पत्रा तोच, भोकं तीच, पुष्कळदा वायरिंगही तेच. खालच्या मॉडेलमध्ये वस्तू फक्त बसवलेली नसते. म्हणजे फॉग लॅम्प, मागचा वायपर, लेदरचं स्टीअरिंग, मागची पार्सल ट्रे, आर्मरेस्ट, कंपनीची मॅगव्हील या गोष्टी वरच्या मॉडेलच्या आणून लावल्या तर त्या उपऱ्या वाटत नाहीत, कारण त्या गाडीसाठीच बनलेल्या असतात.

कसं करायचं? गाडीच्या आरसीवरचा चासी नंबर घेऊन कंपनीच्या जेन्युइन पार्टच्या काउंटरवर जा. ‘फॉग लॅम्प पाहिजे’ एवढंच म्हणू नका, वरच्या मॉडेलचा पार्ट नंबर आणि किंमत मागा. लॅम्पबरोबर भोवतालची प्लॅस्टिकची चौकट, स्विच आणि रिले (दिव्याचा करंट चालू-बंद करणारी डबी) लागतो का तेही विचारा, कारण खरी किंमत या चिल्लर वस्तूंतच वाढते. मग घरी टॉर्च घेऊन बंपरच्या आतून पाहा. फॉग लॅम्पच्या जागेमागे वायरिंगच्या दोरखंडाला टेपने बांधलेला रिकामा कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा प्लग) लोंबत असेल तर निम्मं काम झालंच म्हणा. नसेल तर वेगळी वायरिंग ओढावी लागेल, आणि तेव्हा खर्चाचा पुन्हा विचार करा.

दुसरा स्रोत म्हणजे नवी गाडी घेताना मोठी चाकं घालणारे हौशी लोक. त्यांनी काढलेली कंपनीची मॅगव्हील टायर दुकानांत जवळजवळ कोरी मिळतात, नव्याच्या निम्म्या किमतीत. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही गाडीचा माल दिसतो, पण तिथून फार तर टूलकिटचा पाना घ्यावा. आरसा किंवा म्युझिक सिस्टीम कुठून आली असेल याचा विचार केला की हात आपोआप मागे येतो.

टायर आणि मॅगव्हील

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात, म्हणून जरा तपशिलात.

टायरच्या कडेला १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के बाजूची उंची आणि १४ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. २०२४ च्या आधीच्या पिढीच्या स्विफ्टला खालच्या मॉडेलमध्ये हाच साइज यायचा, वरच्यात १८५/६५ आर १५. आता गणित करू. पहिल्यात बाजू १३२ मिलिमीटर, दोन्हीकडची मिळून २६४, अधिक १४ इंच म्हणजे ३५५.६, एकूण ६१९.६. दुसऱ्यात बाजू १२०.२५, दुप्पट २४०.५, अधिक ३८१, एकूण ६२१.५. फरक दोन मिलिमीटरही नाही. म्हणजे स्पीडोमीटर चुकणार नाही, फेंडरला घासणार नाही, आणि कंपनीने हाच साइज त्याच गाडीला दिलेला असल्यामुळे विम्यालाही बोलायला जागा नाही. रस्त्यावरची पकड मात्र सुधारते. मायलेज किंचित घटतं, स्टीअरिंग किंचित जड होतं. हा सौदा मला पटतो.

दुकानदार इथे थांबत नाही. ‘दादा, १७ टाका, गाडी उठून दिसेल.’ २०५/४५ आर १७ चा एकूण व्यास ६१६ च्या आसपास येतो, त्यामुळे कागदावर तेही बसतं. पण बाजूची उंची उरते ९२ मिलिमीटर. आधी रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १३२ मिलिमीटर रबर होतं, आता ९२. पावसाळ्यात पाण्याखाली झाकलेला खड्डा आणि अंधारात रंग उडालेला स्पीडब्रेकर या दोन्हींचा मार थेट रिमवर बसतो. टायरच्या बाजूला फुगा येतो, रिम वाकतं, स्वस्त मॅगव्हीलला तडा जातो. मागे बसलेल्या आजींच्या मणक्याचा हिशेब वेगळाच. पुण्यात राहणाऱ्याने कंपनीच्या सगळ्यात वरच्या मॉडेलच्या साइजपुढे जाऊ नये, हे माझं ठाम मत.

बाहेरची मॅगव्हील घेणारच असाल तर चार गोष्टी तपासा. एक, नटांचं वर्तुळ म्हणजे पीसीडी: स्विफ्टला चार नट, १०० मिलिमीटर. दोन, मधलं भोक: चाक जिथे बसतं त्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर असेल आणि रिमचं भोक त्याहून मोठं असेल तर मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसली की ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंगवाला उगाच वजनं चिकटवत बसतो. तीन, नट: मॅगव्हीलच्या बैठकीचा आकार वेगळा असतो, लोखंडी रिमचे जुने नट चालतीलच असं नाही. चार, ऑफसेट: चाक बॉडीच्या बाहेर डोकावत असेल तर ते रिम नको. चाक बाहेर काढायला मध्ये घालतात ती चकती, म्हणजे स्पेसर, तर अजिबात नको.

टायर घेताना बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. शेवटचे चार आकडे २३२४ असतील तर तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यातला. वर्षापेक्षा जुना माल असेल तर भाव पाडा किंवा दुसरा मागा. भाराचा आकडाही मूळपेक्षा कमी नको: ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. चार टायर एकदम परवडत नसतील तर दोन नवे घेऊन मागच्या चाकांना लावा. पुढचे नाही, मागचे. पावसात मागचं चाक सुटलं तर गाडी फिरते आणि सावरणं अवघड होतं. कुणी हटकलं तर हेच कारण सांगा.

अंदाज म्हणून: १८५/६५ आर १५ चे चार चांगले टायर वीस ते पंचवीस हजार, कंपनीची काढलेली मॅगव्हील बारा ते अठरा हजार. बजेटचा मोठा घास इथेच जातो. मॅगव्हील नको असतील तर पंधरा इंची लोखंडी रिमवर हेच टायर चालतात. पकड टायर देतो, मॅगव्हील नाही.

उजेड

जुन्या हॅलोजनच्या गाडीत रात्री दिसत नाही अशी तक्रार असली, की दुकानदार एलईडी बल्ब काढून समोर ठेवतो. घेऊ नका. हॅलोजनच्या दिव्यातला आरसा बल्बच्या तारेची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. एच-४ बल्बमध्ये लो बीमच्या तारेखाली एक बारीकशी पत्र्याची वाटी असते, तिच्यामुळे वर जाणारा उजेड अडतो. तिथे एलईडीची पट्टी आली की उजेड फुटतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुमच्या रस्त्यावर मात्र डाग डाग पडतात. भिंतीवर पांढराशुभ्र दिसतो, म्हणून लोक फसतात. शंभर वॅटचे बल्बही नकोत. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, जास्तीच्या उष्णतेने होल्डर आणि काच भाजून निघते.

त्याऐवजी या क्रमाने जा.

आधी काच. पाच-सहा वर्षांच्या गाडीची हेडलाइट पिवळी आणि धुरकट झालेली असते. भोवतीच्या रंगाला कागदी टेप लावा. पाणी मारत ८०० नंबरचा वॉटर पेपर फिरवा, मग १५००, मग २०००. ८०० नंतर काच दुधासारखी पांढरी होते, तिथे घाबरून थांबू नका. प्रत्येक पेपर आधीच्या आडव्या दिशेने फिरवला की आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. मग पॉलिश, आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर. ही शेवटची पायरी बाहेरचे लोक हमखास गाळतात, आणि काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. कोट देणार नसेल त्याच्याकडून पॉलिश करून घेण्यात अर्थ नाही.

मग व्होल्टेज. दोन ६० वॅटचे बल्ब मिळून दहा ॲम्पिअर ओढतात, आणि जुन्या गाड्यांत ते बारीक वायरीतून आणि स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून जातात. इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर मोजा, मग बल्बच्या कपलरवर. बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२.६ म्हणजे दहा टक्के गळती. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्के घटतो. अशा वेळी रिलेचं वायरिंग किट लावतात: बॅटरीतून फ्यूजसकट थेट जाड वायर, आणि जुना स्विच फक्त रिले चालू करायला. कपलर टू कपलर किट मिळतं, मूळ वायर कापावी लागत नाही. नव्या गाड्यांत दिव्यांवर संगणकाची नजर असते, तिथे किट लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. त्यानंतर चांगल्या कंपनीचे ६०/५५ चेच नवे बल्ब. फार निळसर पांढरे घेऊ नका, निळ्या काचेने उजेड कमीच होतो आणि पावसात ओला रस्ता गिळून टाकतो.

शेवटी दिशा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये सपाट फरशी आणि भिंत असतेच. टायरची हवा बरोबर करा, ड्रायव्हरच्या जागी कुणाला तरी बसवा. गाडी भिंतीला चिकटवून लो बीमच्या वरच्या कडेची उंची खडूने आखा, मग सरळ पाच मीटर मागे घ्या. ती कड आता खडूच्या रेघेपेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली आली पाहिजे. दिव्यामागच्या स्क्रूने ती जुळवता येते. आणि डॅशबोर्डवर ० ते ३ किंवा ४ आकडे असलेलं छोटं चाक आहे ना, ज्याला कुणी हात लावत नाही, ते मागे माणसं आणि सामान भरलं की वाढवायचं असतं. मागची बाजू दबते, दिवे वर जातात, आणि समोरून येणारा ट्रकवाला त्याचं उत्तर अप्परने देतो.

आतला आवाज

स्वस्त गाडी आणि महाग गाडी यांतला फरक दार लावताना कानाला कळतो. एकीकडे पत्र्याचा आवाज, दुसरीकडे भरीव. हा फरक सहा ते दहा हजारांत बराचसा मिटतो, आणि गाणीही सुधारतात.

दाराचं आतलं पॅनेल काढल्यावर एक पातळ प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट पट्टीने लावलेला दिसतो. त्यामागे बाहेरचा पत्रा. बोटाच्या पेराने वाजवा, डब्यासारखा वाजतो. त्या पत्र्याला आतून ब्युटाइल रबरची, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली शीट चिकटवायची. डांबराची स्वस्त शीट नको, उन्हाळ्यात ती वितळून ओघळते आणि वास येतो. पूर्ण पत्रा झाकायचीही गरज नसते. मधल्या मोठ्या सपाट भागाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी कंप मरतो. पत्रा आधी स्पिरिटने पुसलेला हवा, आणि शीट रोलरने इतकी दाबलेली हवी की तिच्यावरची नक्षी सपाट व्हावी. नुसती हाताने थापलेली शीट पहिल्याच उन्हाळ्यात सुटते.

इथे उभं राहून दोन गोष्टी पाहाच. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, काचेच्या फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून निघतं. ती बुजली तर दार आतून गंजतं आणि वळणावर आत पाणी डचमळताना ऐकू येतं. दुसरं, तो प्लॅस्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवून घ्या. कारागीर घाईत असला की तो फाडून टाकतो, आणि जुलैमध्ये पायाखालचं मॅट ओलं का, हे कुणाला कळत नाही.

पॅनेल उघडलेलंच आहे तर त्याच वेळी पुढचे दोन स्पीकर बदला. मागचे राहू द्या. कंपनीच्या सिस्टीमवर ‘४ गुणिले ५०’ लिहिलेलं असलं तरी खरी ताकद बरीच कमी असते, म्हणून स्पीकर घेताना वॅटच्या आकड्याला भुलू नका. ४ ओहम आणि ९० डेसिबलच्या वरची संवेदनशीलता बघा, म्हणजे कमी ताकदीतही मोकळा आवाज येतो. चार ते आठ हजारांत चांगली जोडी मिळते. स्पीकरची वायरही कपलरनेच जोडायला लावा. डिकी अडवणारा मोठा वूफर नको. सीटखालचा छोटा चालेल, पण त्याची बॅटरीवरून येणारी वायर असेल तर बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच. वायर कुठे घासून उघडी पडली तर तो फ्यूज गाडी जळण्यापासून वाचवतो.

डॅशकॅमचंही तसंच. लाइटरच्या सॉकेटमधून लोंबणारी वायर वाईट दिसते. छताच्या कडेने आणि पिलरमधून वायर नेऊन फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप लावा. पिलरमध्ये पडद्याची एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून नाही.

बसायला

सीट कव्हर घेण्याआधी सीटच्या बाहेरच्या कडेला ‘एअरबॅग’ असं लेबल शिवलेलं आहे का पाहा. २०२४ च्या स्विफ्टपासून सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये येतात, आणि बाजूची एअरबॅग सीटची शिवण फाडून बाहेर येते. वरून घट्ट रेक्झिन चढवलं तर ती अडते. त्या बाजूला कच्ची शिवण असलेलं कव्हर मिळतं, एअरबॅगचं नाव घेऊन मागा. मुलाची सीट लावायचे आयसोफिक्सचे हुक आणि मागच्या पट्ट्यांची बकलं कव्हरखाली गाडली जात नाहीत ना, तेही बसवतानाच पाहा.

आजींच्या पाठीला टोचत असेल तर कव्हर हा उपाय नाही. कुशनवाल्याकडे नेऊन फोम बदला. रंग काळा, करडा किंवा डॅशबोर्डच्या फिकट रंगाला जुळणारा. लाल शिवण एकवेळ चालेल, लाल सीट नको. स्टीअरिंगला सरकणारं कव्हर घालण्यापेक्षा हाताने शिवून घ्या. पुण्यात हे काम घरी येऊन करणारे मिळतात.

‘सेव्हन डी’ मॅट दिसायला छान, पण खाली अडकलेलं पाणी पावसाळाभर सुकत नाही. काठ असलेले रबरी ट्रे बरे, काढून नळाखाली धरले की झालं. ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट हुकात अडकलेलं हवं. मॅटवर मॅट तर नकोच, पेडलखाली सरकतं.

बाहेरून

इथे काही लावण्यापेक्षा काढून टाकणं जास्त शोभतं. डीलरचं स्टिकर, दारावरच्या क्रोमच्या पट्ट्या, पेट्रोलच्या झाकणावरचं चिन्ह, सगळं हेअर ड्रायरने गरम करून दोऱ्याने सोडवा. उरलेला चिकटपणा रॉकेलने जातो, लगेच शाम्पूने धुवा. रिक्षाने दिलेले ओरखडे कंपाउंडिंगने किती जातात ते आधी नखाने तपासा: नख अडकत असेल तर ओरखडा क्लिअर कोटच्या खाली गेलाय, तिथे पॉलिशवाल्याने कितीही आश्वासन दिलं तरी टच-अपच लागेल. त्यानंतर मेण किंवा सीलंट पुरे. वीस-तीस हजारांचं सिरॅमिक कोटिंग या बजेटचं काम नाही.

मडफ्लॅप आणि दारावरचे व्हायझर लावा, पावसात काच दोन बोटं खाली घेता येते. ग्रिलवरचं क्रोम नको वाटत असेल तर तेवढीच काळी मॅट फिल्म. पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाची रॅप करायची असेल तर रंगाची नोंद आरसीवर बदलावी लागते, त्यासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओची वारी आली. पिंपरी-चिंचवडकरांनी त्यांच्या.

हे नकोच

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ मोजमापापासून गाडी हटवता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बंपरपुढचे लोखंडी गार्ड, म्हणजे बुलबार, २०१७ च्या डिसेंबरपासून बंद आहेत. ते नुसतं कागदी कारण नाही, धडकेचा धक्का ते थेट चासीवर नेतात. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालापासून वादाचा विषय. काचेतून उजेड जाण्याचं प्रमाण पुढे-मागे ७० आणि बाजूला ५० टक्के हवं. जाळीचे सनशेड वापरा, मुलं झोपतात. ‘दादा’ वाचता येईल अशी नंबरप्लेट, प्रेशर हॉर्न, फटफटणारा सायलेन्सर यांच्याबद्दल वेगळं काय सांगायचं! आपल्याच कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था १९६६ पासून गाड्या तपासतेय, आणि खाली पौड रोडवर फाडलेले सायलेन्सर फिरतायत. कटिंग करून बसवलेल्या स्प्रिंगा आणि इंजिनचं रिमॅपिंग (ताकद वाढवायला त्याच्या संगणकात बदल) घरच्या गाडीला कशाला?

दुकानात

शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी सकाळी गेलात तर कारागीर निवांत असतो. ठरवतानाच सांगा: वायर कापायची नाही, कपलरवर काम, जोडावर नुसती टेप चालणार नाही. ‘साहेब, थोडी कट करायला लागतीये, काय फरक पडत नाही’ असं म्हणाला तर गाडी तशीच घेऊन निघा, कारण वॉरंटीत इलेक्ट्रिकचा क्लेम नाकारायला तेवढी एक कापलेली वायर पुरते. काम चालू असताना समोर उभं राहा. चहा तो पाजतोच. पॅनेल बसवून झाल्यावर चारही काचा, सेंट्रल लॉक, आरशांची मोटर आणि हॉर्न तपासा, मग पैसे द्या. मोडलेली क्लिप तो परत तशीच खोचतो, म्हणून पॅनेलच्या क्लिपांचं एक पाकीट आधीच घेऊन जा.

बिल जीएसटीसह घ्या आणि मॅगव्हील, स्टीरिओ वगैरेंची किंमत विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीत लिहून घ्या. इलेक्ट्रिकच्या ॲक्सेसरीजची नोंद वेगळी होते, थोडा प्रीमियम वाढतो. नोंद नसलेल्या वस्तूचे पैसे चोरीत किंवा अपघातात मिळत नाहीत.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी हॅलोजनचा होल्डर आणि चाकाच्या टोप्यासुद्धा, खोक्यात घालून माळ्यावर ठेवा, वर पार्ट नंबर लिहा. गाडी विकताना घेणारा मॅगव्हीलचे पैसे देत नाही, उलट ‘मॉडिफाय केलीय’ म्हणून भाव पाडतो. मूळ रिम आणि स्पीकर परत चढवा, आणि आपला माल त्याच मॉडेलच्या मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळा विका. तिथे खालचं मॉडेल घेऊन वरच्याचा माल शोधणारा कुणीतरी असतोच.